बी.पी.एड.च्या अभ्यासातला आरोग्याचा पेपर

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा भरली, की आमच्याकडे बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवी अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी सराव पाठांसाठी येतात. यंदा पाच जण आले, तीन मुलगे आणि दोन मुली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी वेळेवर पोहोचायचे, तर सकाळची पहिली एस.टी. धरावी लागते, आणि ती चुकली की पुढची गाडी येईपर्यंत दोन तासिका होऊन गेलेल्या असतात. तरीही पाचही जण पहिल्या दिवशी परिपाठाच्या आधी मैदानावर हजर होते. पांढरा गणवेश, गळ्यात शिट्टी, हातात पाठ टाचणांची जाडजूड वही. त्यांना पाहून मला माझे शिक्षणाचे वर्ष आठवले.

पहिले काम म्हणून मी त्यांना दोनशे मीटरचा ट्रॅक आखायला सांगितला. आमचे मैदान काळ्या जमिनीचे आहे. पावसाळ्यात त्यावर पाऊल टाकले, की चपलेसोबत मातीचा गोळाच वर येतो, आणि मे महिन्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. दिवाळीनंतर मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवला, तरच ते धावण्याजोगे होते. मुलांनी टेप काढला, खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली. सरळ बाजू ४० मीटरच्या धरल्या, म्हणजे दोन वळणांसाठी उरले १२० मीटर. त्यावरून धावण्याची त्रिज्या निघाली १९.१० मीटर, आणि चुन्याच्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेरून अंतर मोजले जाते, म्हणून रेषा आखण्याची त्रिज्या १८.९० मीटर. मग स्टॅगर. १.२२ मीटर रुंदीची लेन असेल, तर पूर्ण एका फेरीसाठी प्रत्येक बाहेरच्या लेनमधला धावपटू आतल्यापेक्षा ७.६७ मीटर पुढे उभा करावा लागतो. एका मुलीने हा आकडा वही न उघडता सांगितला, आणि मैदान लहान असो वा मोठे, वळणाची त्रिज्या बदलली तरी हा फरक बदलत नाही, हेही तिने आपणहून सांगितले. हे गणित मला पहिल्यापासून फार आवडते, म्हणून मी तिचे मनापासून कौतुक केले. फक्कीच्या रेषा सरळ होत्या, वळणे गोल होती, कुठेही हात थरथरलेला दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या मुलांची ६०० मीटर धावण्याची चाचणी घ्यायची होती. मी पाचही जणांना विचारले, “उद्या धावणाऱ्या या चाळीस मुलांपैकी कोणाला धावायला लावायचे नाही?” कोणीच बोलले नाही. थोड्या वेळाने एक जण म्हणाला, “मॅडम, जो नाही म्हणेल त्याला बसवू.”

त्या मुलाचा काही दोष नव्हता. सोळा-सतरा वर्षांपूर्वी मलाही हाच प्रश्न कोणी विचारला असता, तर मीही तेच उत्तर दिले असते. माझ्या मनात असलेली गोष्ट एकच आहे, आणि ती शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या, किंवा शिकायला निघालेल्या, आपल्या भागातल्या मुलामुलींपर्यंत पोहोचावी असे मला फार वाटते. आपल्या विषयाचे पूर्ण नाव आरोग्य व शारीरिक शिक्षण असे आहे, पण आपण शिकताना नावातला पहिला शब्द परीक्षेपुरता ठेवतो आणि दुसऱ्यासाठी घाम गाळतो. खेड्यातल्या शाळेत उभे राहिल्यावर मात्र पहिल्या शब्दावाचून दुसरा नीट शिकवताच येत नाही.

मी बी.पी.एड. केले, तेव्हा तो एका वर्षाचा अभ्यासक्रम होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनंतर तो दोन वर्षांचा, चार सत्रांचा झाला. प्रवेशासाठी पदवी लागते, आणि राज्याची सीईटी द्यावी लागते, ज्यात लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही असते. आत गेल्यावर विषयांची यादी लांबलचक आहे. शारीरिक शिक्षणाचा इतिहास आणि तत्त्वे, शरीररचना आणि शरीरक्रिया, आरोग्य शिक्षण, योग, क्रीडा मानसशास्त्र, क्रीडावैद्यक, आहार आणि वजन नियंत्रण, मापन आणि मूल्यमापन, पंचगिरी आणि मार्गदर्शन. त्याशिवाय मैदानावर ॲथलेटिक्स, कबड्डी, खो-खो, मल्लखांब, लेझीम, डंबेल्स, कवायत. एका वर्षात आम्ही हे सगळे कसे उरकले, याचे मला आज नवल वाटते, आणि दुसरे वर्ष वाढले ते योग्यच झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या विदर्भात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केले आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. आमची सहल तिथे गेली, तेव्हा मल्लखांबावरची मुले पाहून मी अर्धा तास जागची हलले नव्हते. आपल्याकडच्या बहुतेक मुलामुलींना या शिक्षणाची ओढ लागते ती अशीच, शरीराच्या करामतीने. आणि पुस्तकात स्नायूंचे चित्र आले, की तीच मुले मान खाली घालून बसतात.

मीही त्यातलीच होते. शरीरक्रियाशास्त्राच्या पेपरात मी “रक्ताची कार्ये” हा दहा गुणांचा प्रश्न लिहिला होता. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवस, हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते, हे सगळे मी सुरेख अक्षरात लिहिले आणि चांगले गुण मिळवले.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, डिसेंबरात, तालुका स्पर्धेची तयारी चालू होती. सकाळी सातला मुलांना बोलावत असे. आपल्याकडे त्या दिवसांत पहाटेचा गारठा हाडात शिरतो, आणि मुले घरून पाणी न पिता, अर्ध्या कप चहावर आलेली असतात. आठवीतली एक बारीक, काटक मुलगी खो-खोत फार चपळ होती. दोन फेऱ्या झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मॅडम, पाय आतून ठणकून रायले. आता पुरे करू काय?” मला वाटले, कंटाळा आला असेल. स्पर्धा आठ दिवसांवर आली होती. मी म्हणाले, “दोनच फेऱ्या राहिल्या, मार.” ती धावली. दुसऱ्या फेरीत ती चालत होती, आणि मी शिट्टी वाजवून तिला पळायला लावले.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. पोरगी दवाखान्यात होती, सलाइन चालू होते, पायांच्या आणि पाठीच्या कळांनी रात्रभर झोपली नव्हती. मला वाटले, आता ती माझ्यावर रागावणार. ती रागावली नाही. पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, “तिले लहानपणापासून सिकलसेल हाय मॅडम. पोरीची जात, उद्या लग्नाचं पाहा लागते, म्हणून शाळेत कोणाले सांगतलं नाई.”

त्या रात्री मी बी.पी.एड.चे जुने पुस्तक काढले. रक्ताचे प्रकरण तेच होते, माझ्या पेन्सिलीच्या खुणाही तशाच होत्या. सिकलसेल या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनच्या रचनेत एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे येते, तेवढ्याने प्राणवायू कमी पडताच पेशी विळ्याच्या आकाराची, कडक होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. अशा पेशी १२० दिवस टिकत नाहीत, दहा-वीस दिवसांतच फुटतात, म्हणून ते मूल कायम फिकट आणि थकलेले दिसते. शरीरातले पाणी कमी होणे, थंडी आणि अतिश्रम यांनी हे अडकणे वाढते. त्या सकाळी मी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी तिच्यावर लादल्या होत्या. दहा गुणांचे उत्तर मला येत होते. ते उत्तर माझ्यासमोर दोन पायांवर उभे राहून “आता पुरे करू काय” असे विचारत होते, तेव्हा मला ते ओळखता आले नाही.

पूर्व विदर्भात आणि मेळघाटात हा आजार फार आहे, आणि तो कोणा एकाच समाजात आहे असेही नाही. आईवडील दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नसून त्याचा एक जनुक बाळगणारे असले, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक आणि वाहक होण्याची शक्यता दोनात एक असते. वाहक सहसा धडधाकट असतो, पण कडक उन्हात, पाण्यावाचून, शक्तीबाहेरचे श्रम त्यानेही करू नयेत. जुलै २०२३मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केल्यापासून तपासण्या वाढल्या आहेत आणि लोक पूर्वीपेक्षा मोकळेपणाने बोलतात. तरी मुलींच्या बाबतीत लग्नाची भीती आहेच, आणि शाळेत येणारी माहिती अर्धीच असते.

ती मुलगी बरी होऊन परत आली, तेव्हा तिला मैदानाबाहेर बसवून ठेवणे मला पटले नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना मी तिच्या आईसोबत जाऊन भेटले. त्यांनी सांगितले, की तिला खेळू द्या, पण थांबायचे केव्हा ते तिला ठरवू द्या, पाणी जवळ ठेवा, थंडीत अंग झाकलेले असू द्या, आणि ताप किंवा दुखणे सुरू झाले की लगेच पाठवा. त्या दिवसापासून माझ्या तासाचा एक नियम बदलला. माझ्या मैदानावर कोणतेही मूल हात वर करून, कारण न सांगता थांबू शकते. मुले याचा गैरफायदा घेतील, असे सहकाऱ्यांनी सांगितले होते. काही जणांनी पहिला आठवडा घेतला, पुढे तेच कंटाळून पळायला लागले. फेऱ्यांची शिक्षा मी कायमची बंद केली.

दुसरे म्हणजे नोंदवही. दरवर्षी जुलैत मी प्रत्येक मुलाचे एक पान तयार करते. उंची, वजन, दृष्टी, जुने आजार, घरी कोणाला काय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, तेव्हा मी ती वही घेऊन त्यांच्या शेजारी बसते आणि त्यांनी सांगितलेले मुलाच्या पानावर उतरवून घेते. पूर्वी पथक यायचे, तपासून जायचे, आणि कागद कार्यालयाच्या कपाटात पडून राहायचे. आईवडिलांशी बोलताना मी ‘आजार’ हा शब्द आधी काढत नाही. “धावायला लावू की नको, तेवढे सांगा,” असे विचारले, की माउली आपणहून सगळे सांगते. पान कोणाला दाखवत नाही, हे त्यांना माहीत झाले आहे.

मुलींच्या पांडुरोगाचेही, म्हणजे रक्त कमी असण्याचेही, असेच आहे. आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी शाळेत दिली जाते. बऱ्याच मुली ती ओठाआड धरून नंतर टाकून देतात, कारण रिकाम्या पोटी घेतली की मळमळते. जेवणानंतर घ्यायची, चहासोबत घ्यायची नाही, एवढे नीट समजावले तरी फरक पडतो. सिकलसेलच्या रुग्णाने मात्र ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गोळी वाटण्याचे काम खरे तर माझे नाही, पण दुसऱ्या फेरीला कोणाचे ओठ पांढरे पडतात, हे मैदानावर मलाच दिसते. पाळीच्या दिवसांत खेळायचे की नाही, हा प्रश्न मुली मलाच विचारतात, आणि त्याचे उत्तर देताना आरोग्य शिक्षणाचे जुने टिपण मी कितीदा तरी उघडले आहे.

खर्‍र्‍याविषयी लिहिल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा आपल्याकडे पाहुण्याला चहासारखा पुढे केला जातो, आणि सातवी-आठवीतली पोरे त्याला लागतात. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे. बंदीचा फलक आमच्या फाटकावरही आहे, पण फलकाने पोरांचे तोंड बंद होत नाही. सराव पाठांच्या विद्यार्थ्यांना मी आरोग्याचा पाठ भाषणाने घेऊ देत नाही. मुलांना उभे करून सांगायचे, की हाताची मधली तीन बोटे उभी जुळवा आणि दातांच्या मध्ये घालून पाहा. ज्याची तीन बोटे जातात, त्याचे तोंड नीट उघडते. गेल्या वर्षी नववीतल्या एका उंचपुऱ्या पोराची दोनच गेली. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिला, आणि वर्गातली खुसखुस आपोआप थांबली. तालुक्याच्या दंतवैद्याकडे त्याला त्याच्या काकांसोबत पाठवले. त्याने सोडला की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण त्याच्या धाकट्या भावाने अजून हात लावलेला नाही, हे मला ठाऊक आहे.

उन्हाबद्दल थोडेच लिहिते, कारण विदर्भातल्या माणसाला ऊन शिकवावे लागत नाही. आपल्या शाळा त्यासाठीच राज्यातल्या इतर शाळांहून उशिरा उघडतात. पण मार्चमध्ये पोलीस भरतीची तयारी करणारी मुले भर दुपारी डांबरी रस्त्यावर १६०० मीटर पळताना मी पाहते, आणि त्यांच्यासोबत शिट्टी घेऊन उभा असलेला मार्गदर्शक कधी कधी आपल्याच अभ्यासक्रमातून बाहेर पडलेला असतो, याचे मला वाईट वाटते. पळता पळता मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला आणि अंग भट्टीसारखे तापले, तर तो थकलेला नाही, त्याला उष्माघात झालेला आहे. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतणे, वारा घालणे आणि त्याच वेळी गाडी बोलावणे, हे क्रमाने हातातून घडले पाहिजे, पुस्तक आठवायला वेळ नसतो. साध्या थकव्याला एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. हे प्रमाण मी मैदानाच्या भिंतीवर रंगवून घेतले आहे.

नोकरीचे काय, असे मला प्रत्येक सराव पाठाच्या तुकडीतले कोणी ना कोणी विचारतेच, आणि मी त्यांना खोटी आशा दाखवत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९च्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेला कला, कार्यशिक्षण, आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असे लिहिले आहे. कायद्यानेही आरोग्य हा शब्द आधी घेतला आहे, हे मी मुलांना मुद्दाम दाखवते. पण आपल्या खेड्यांतल्या कितीतरी शाळा शंभराच्या वर जातच नाहीत, आणि अनेक तरुण तासिका तत्त्वावर वर्षे काढतात. ज्यांच्या घरी दोन-तीन एकर कोरडवाहू वावर आहे आणि बापाने कापूस विकून फी भरली आहे, त्यांना ही वस्तुस्थिती प्रवेश घेण्याआधी कळली पाहिजे. प्रवेश घ्यायचाच असेल, तर महाविद्यालयाची मान्यता पाहा, मैदान स्वतः जाऊन पाहा, आणि शरीरशास्त्राच्या खोलीला कुलूप आहे की ती वापरात आहे, हेही पाहा. शक्य असेल तर सत्रातला एक आठवडा जवळच्या आरोग्य केंद्रात बसून काढा. कोणी सांगत नसले, तरी काढा. आशाताईंसोबत दोन दिवस गावात फिरलात, तर आरोग्य शिक्षणाचा अर्धा पेपर तुम्हाला न घोकता येईल.

यंदाच्या तुकडीची ६०० मीटरची चाचणी मी एक दिवस पुढे ढकलली. त्या दिवशी पाचही जणांना नोंदवही दिली आणि चाळीस पाने वाचायला लावली. सायंकाळच्या एस.टी.ला उशीर झाला, म्हणून त्यांनी फाट्यावरच्या शेडखाली बसून मोबाइलच्या उजेडात उरलेली पाने संपवली. सकाळी परत आले, तेव्हा त्यांच्याकडे चार नावे होती. दोन सिकलसेलची, एक दम्याचे, आणि एक नाव माझ्या लक्षातून निसटलेले. त्या मुलाच्या पानावर दोन वर्षांपूर्वी, “झटके येतात, औषध चालू” असे मीच लिहून ठेवले होते आणि पुढच्या वर्षी पान उलटताना ते उतरवायचे राहिले होते. स्टॅगरचा आकडा तोंडपाठ असलेल्या मुलीनेच ते शोधले. त्या चौघांना त्यांनी बाजूला बसवले नाही. दम्याच्या मुलाला त्याचा पंप खिशात ठेवून हळू धावू दिले, आणि उरलेल्या तिघांकडे वेळ मोजण्याचे, फेऱ्या मोजण्याचे आणि पाणी देण्याचे काम दिले.

पाठ संपल्यावर ती मुलगी टाचणाची वही सहीसाठी घेऊन आली. साहित्याच्या रकान्यात छापील सवयीने लिहितात तशी नावे होती, शिट्टी, टेप, फक्की, स्टॉपवॉच. त्याखाली वेगळ्या शाईने तिने आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या: “पिण्याचे पाणी, दोन माठ. आरोग्य नोंदवही, वाचलेली.” मी सही केली आणि आतल्या खोलीत जाऊन त्या मुलाचे पान दुरुस्त केले.